गाडीची बॅटरी उतरली तर



कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे, कचेश्वराचे देऊळही आहे. कच-देवयानीची गोष्ट आपल्या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. शुक्राचार्यांजवळ संजीवनी विद्या होती, मेलेल्याला उठवण्याची. एकदा असा पेच पडला की कच त्यांच्याच पोटात. त्याला बाहेर काढावे तर गुरूंचे पोट फाटणार. मग शुक्राचार्यांनी काय केले? पोटातल्या कचाला आधी जागे केले, त्याला मंत्र शिकवला, आणि मगच बाहेर बोलावले. कच बाहेर आला, गुरू गतप्राण झाले, आणि शिष्याने तोच मंत्र म्हणून गुरूंना उठवले. मंत्र एकच, पण क्रम उलटा झाला असता तर गुरूही गेले असते आणि विद्याही गेली असती.

आज ज्या संजीवनीबद्दल मला बोलायचे आहे ती एवढी थोर नाही. ती आहे दोन तारांची आणि चार चिमट्यांची. उतरलेल्या बॅटरीची गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू कशी करावी, एवढाच विषय. पण तिलाही क्रम आहे. तो पाळला तर पाच-दहा मिनिटांचे काम. आणि न पाळला तर गाडीचे नुकसान होतेच, पण कधी कधी माणसाच्या डोळ्यांवर बेतते.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पौषातली पहाट आहे. कोळपेवाडीच्या नाहीतर सहजानंदनगरच्या कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. रात्रभर ट्रॉलीवर गाणी वाजली, दिवे चालू राहिले. रांग पुढे सरकली, मागून आरडाओरडा सुरू झाला, आणि एका गड्याने सेल मारला तर नुसते टक् टक् टक्! लगेच चार जण गोळा होतात. कोणी म्हणतो, धक्का मारा. कोणी म्हणतो, ट्रकवाल्याकडून तार घ्या. कोणी पान्हा घेऊन स्टार्टरला डायरेक्ट करायला निघतो. प्रत्येकाला घाई असते, आणि अपघात नेमका याच घाईत होतो. म्हणून हा विषय घरी शांत बसलेले असताना समजून घेतलेला बरा.

पहिला प्रश्न असा, की बॅटरी खरोखर उतरली आहे का? याची एक सोपी परीक्षा आहे. पुढचे मोठे दिवे लावा आणि सेल मारून बघा. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिची टर्मिनले सैल वा मळलेली आहेत. दिवे तसेच लखलखीत राहिले आणि स्टार्टर गप्प, तर दोष बहुधा स्टार्टरमध्ये, स्विचमध्ये किंवा त्यांच्या जोडणीत आहे. आणि स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीची काही चूक नाही; डिझेल येते का, हवा धरली आहे का, ते पाहा. तेथे उसनी वीज देऊन काहीच साधायचे नाही.

पुष्कळदा असे होते, की बॅटरी चांगली असते पण टर्मिनलवर पांढरा-हिरवट क्षार चढलेला असतो. बंद दरवाजातून पाहुणा आत येणार कसा? अशा वेळी आधी मायनसची तार सोडावी, मग प्लसची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने टर्मिनले घासावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या खान्यात जाऊ देऊ नये. कोरडे पुसून प्लस आधी व मायनस शेवटी घट्ट आवळावे आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. मायनस आधी का सोडायचे? तर गाडीचा सगळा सांगाडा मायनसला जोडलेला असतो. मायनस जोडलेले असताना तुम्ही प्लसचा नट सोडू लागलात आणि पान्हा सांगाड्याला टेकला, तर जबरदस्त ठिणगी उडते आणि पान्हा हातातच तापतो.

आता बॅटरीच्या पोटात काय आहे ते पाहू, म्हणजे पुढची सारी पथ्ये आपोआप पटतील. गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी प्रथम तयार केली. आपल्या गाडीतली बॅटरी पुष्कळ सुधारलेली असली तरी मूळ तत्त्व तेच आहे. आत सहा खाने असतात. प्रत्येक खान्यात शिशाच्या पट्ट्या, शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. एका खान्याचा दाब साधारण २.१ व्होल्ट, सहा खाने मिळून १२.६ व्होल्ट. वीज खर्च होऊ लागली की आम्लातला गंधकाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी उरत जाते. भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाची घनता १.२८ च्या आसपास असते. उतरलेल्या बॅटरीत ती १.१ च्या जवळ येते. बॅटरीवाला काचेच्या नळीत आम्ल ओढून पाहतो ना, तो हेच पाहत असतो.

मीटर असेल तर गाडी काही तास बंद राहिल्यावर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की सेल मारण्याचा भरवसा नाही. चार्ज करूनही काटा १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर सहापैकी एक खाना मेला असे समजा. पाच बैलांनी सहा बैलांचा गाडा ओढावा तशी ती गत असते. अशा बॅटरीला उसनी वीज देत बसू नये, ती बदलावी.

पण मंडळी, खरे भय वेगळेच आहे. बॅटरीत वीज भरली जात असताना आतल्या पाण्याचे विघटन होते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन वायू सुटतात. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी तो पेट घेऊ शकतो. एवढी मोठी मर्यादा फार थोड्या वायूंची असते. एक बारीक ठिणगी त्याला पुरते. मग बॅटरीचे झाकण फुटते, प्लॅस्टिकचे तुकडे उडतात आणि त्यांच्याबरोबर गंधकाम्लाचे शिंतोडे. अशा वेळी माणूस कोठे असतो? नेमका बॅटरीवर वाकलेला.

एवढ्यावरून पहिली पथ्ये ठरतात. विडी-सिगारेट लांब ठेवा. बॅटरीतले पाणी किती आहे हे पाहायला काडी ओढू नका, टॉर्च घ्या. टर्मिनलला टर्मिनल घासून ठिणगी पडते का, अशी ‘करंट’ची परीक्षा तर कधीच करू नका. बॉनेट उघडून दोन मिनिटे वारा लागू द्या. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका; वाट मिळाली की तो वर निघून जातो. डोळ्यांवर चष्मा हवा, फवारणीच्या वेळी वापरता तो चालेल. हातातली अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बॅटरी फुगलेली, तडकलेली, गळकी असेल, किंवा आतल्या पट्ट्या पाण्याबाहेर उघड्या पडल्या असतील, तर तिला उसनी वीज देऊ नका. बंद बॅटरीवरचा छोटा काचेचा डोळा पिवळा किंवा पांढरा दिसत असेल, तर बॅटरीवर छापलेली सूचना आधी वाचा. बहुतेक बॅटऱ्यांत त्याचा अर्थ ‘बदला’ असाच असतो.

यानंतर पाहायचे ते व्होल्ट. मोटार, जीप, पिकअप आणि बहुतेक ट्रॅक्टर यांची विद्युत व्यवस्था १२ व्होल्टची असते. एसटीची गाडी, मोठा ट्रक यांची मात्र २४ व्होल्टची. त्यांत १२-१२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. कालव्याचे पाणी चारीत घ्यायचे तर चारीच्या बेताने दार उघडावे लागते. दुप्पट लोंढा सोडला तर चारीच फुटते. २४ व्होल्टचा ट्रक १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला जोडला तर दिवे जातील, चार्जिंगची यंत्रणा जळेल आणि बॅटरी फुटण्याचा धोकाही आहे. म्हणून उसाच्या रांगेत मागचा ट्रक कितीही जवळ असला तरी मदत ट्रॅक्टरकडूनच घ्या. बाराला बारा, चोवीसला चोवीस. तसेच मोटरसायकलची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी तिच्यात तेवढे पाणी नाही. तिच्यावरून मोटार सुरू करायला जाऊ नये.

मग येतात तारा. शाळेत हा भाग गणितासाठी घेण्याजोगा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. घरात पंख्याला जो प्रवाह लागतो तो एका अँपिअरपेक्षाही कमी. पण सेल मारताना लहान मोटारीचा स्टार्टर १०० ते २०० अँपिअर ओढतो. डिझेलचे मोठे इंजिन याहूनही जास्त. आता समजा, कोणी घरातल्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तार आणली. जाती-येती मिळून लांबी ६ मीटर. तांब्याच्या तारेचा रोध काढला तर तो सुमारे ०.०४२ ओहम येतो. त्यातून २०० अँपिअर न्यायचे म्हटले तर तारेतच ८.४ व्होल्ट खर्ची पडतात. बारातले साडेआठ वाटेतच गेले. स्टार्टरला काय मिळणार? आणि उष्णता? प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणा: सुमारे १,७०० वॅट. पाणी तापवायच्या रॉडइतकी उष्णता तुमच्या हातातल्या तारेत! प्लॅस्टिक वितळायला किती वेळ लागेल?

तीच लांबी १६ चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली तर तूट १.३ व्होल्टवर येते. म्हणून लहान पेट्रोल मोटारीला निदान १६ चौरस मिलिमीटरची, आणि डिझेल जीपला २५ ची जंपर केबल असावी. ट्रॅक्टरच्या मोठ्या इंजिनाला ३५ ची घेतलेली उत्तम. विकत घेताना वरच्या रबराच्या जाडीवर भुलू नका. आत तांबे किती आहे ते विचारा. चिमट्यांचा दात घट्ट आणि मुठी पूर्ण झाकलेल्या असाव्यात.

आता प्रत्यक्ष काम. दोन्ही गाड्या तार पोहोचेल एवढ्या जवळ आणा, पण एकमेकींना टेकू देऊ नका. हातब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला घ्या, किल्ल्या बंद करा. दिवे, पंखा, गाणी सगळे बंद. मुलांना आणि बघ्यांना चार पावले मागे सारा. दोन्ही बॅटऱ्यांवर प्लस आणि मायनसच्या खुणा शोधा. नुसत्या लाल-काळ्या रंगावर विसंबू नका. गावात तार बदलताना हाताला येईल त्या रंगाची घातलेली असते. बॅटरीच्या अंगावर कोरलेली खूण खरी. जाड गोल टर्मिनलांच्या बॅटरीत प्लसचा खुंट मायनसपेक्षा किंचित जाड असतो, हीही एक ओळख. काही फार जुन्या विलायती गाड्यांत प्लस सांगाड्याला जोडलेले असे. तशी गाडी असेल तर जाणत्या मेकॅनिकवाचून हात घालू नये.

चार चिमटे, चार जागा. क्रम असा.

पहिला चिमटा: लाल तारेचे एक टोक बंद गाडीच्या बॅटरीच्या प्लसला.

दुसरा चिमटा: लाल तारेचे दुसरे टोक चालू गाडीच्या प्लसला.

तिसरा चिमटा: काळ्या तारेचे एक टोक चालू गाडीच्या मायनसला.

चौथा आणि शेवटचा चिमटा: काळ्या तारेचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या जाड लोखंडावर, बॅटरीपासून शक्य तितके लांब. डिझेल-पेट्रोलच्या नळीजवळ नको, पंखा आणि पट्ट्याजवळ नको.

तुम्ही म्हणाल, तीन चिमटे बॅटरीला आणि चौथाच इंजिनाला का? मायनसला मायनस का नको? आजच्या भाषणाचा सगळा अर्क या प्रश्नात आहे. तीन चिमटे लावेपर्यंत विजेचा फेरा पुरा झालेला नसतो, म्हणून नेहमी ठिणगी पडत नाही. चौथा चिमटा टेकला की फेरा पुरा होतो आणि त्याच क्षणी ठिणगी पडते. ती टाळता येत नाही. पण ती कोठे पडावी हे आपल्या हातात असते. बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन साठलेला असतो. ठिणगी तेथे पाडायची की दोन हात लांब, इंजिनावर, जेथे तो वायू नाही? आणि इंजिनाला लावले तरी वीज पोहोचतेच, कारण बॅटरीचे मायनस जाड तारेने त्याच सांगाड्याला बांधलेले असते. उलट स्टार्टर इंजिनालाच जोडलेला असल्याने त्याला तो रस्ता जवळचा पडतो.

एवढे मुलाला समजले तर त्याला चारही पायऱ्या घोकाव्या लागणार नाहीत. ठिणगी शेवटी पडते, म्हणून शेवटचा चिमटा बॅटरीवर नाही.

चिमटे लागले. पुन्हा एकदा प्लसला प्लस आहे ना ते बघा. चिमटे उलटे लागले तर फार मोठा प्रवाह वाहतो, तारा तापतात, नव्या गाडीतला संगणकही जळतो. सगळे ठीक असेल तर चालू गाडी सुरू करून तीन ते पाच मिनिटे शांतपणे चालू ठेवा. उतरलेल्या बॅटरीत थोडी धुगधुगी येऊ द्या. मग बंद गाडीला सेल मारा. एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि दोन प्रयत्नांत निदान एक मिनिट विसावा; नाहीतर स्टार्टर तापून जळेल. तीन-चार वेळा करूनही गाडी पकडत नसेल तर थांबा. दोष दुसरीकडे आहे. हट्टाने तारा जळतात, गाडी सुरू होत नाही.

गाडी सुरू झाली की सगळे टाळ्या पिटतात आणि कोणीतरी घाईने चिमटे ओढू लागतो. इथेच पुन्हा सांभाळा. काढायचा क्रम बरोबर उलटा: आधी बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावरचा काळा, मग चालू गाडीचा काळा, मग चालू गाडीचा लाल, शेवटी दुसरा लाल. सुटलेले चिमटे एकमेकांना किंवा पत्र्याला लागू देऊ नका. दोन्ही इंजिने फिरत असतात; उपरणे, ओढणी, सदऱ्याची बाही पंख्यापासून दूर ठेवा. आणि गाडीची स्वतःची बॅटरी इंजिन चालू असताना कधीही सोडू नका. जुन्या डायनामोच्या दिवसांत काही जण तसे करून बघत. आताच्या अल्टरनेटरच्या गाडीत त्याने दाब उसळतो आणि यंत्रणा जळते.

शेजारच्या चुलीतून विस्तव आणला, म्हणजे स्वयंपाक झाला असे नाही. आपली चूल नीट पेटवावी लागते. तसेच हे आहे. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली नाही. निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवा आणि त्याच दिवशी बॅटरी चार्जरवर लावून घ्या. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा. बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडे पडून राहिली की पट्ट्यांवर बसलेला थर कडक होतो आणि मग ती वीज धरीत नाही. पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे जड पाणी नको, आणि वरून आम्ल तर नकोच.

आता आपल्याकडच्या दोन सवयींबद्दल बोलतो. पहिली सवय धक्क्याची. साध्या गिअरच्या, जुन्या धाटणीच्या डिझेल गाडीला धक्का चालतो. पण ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. नव्या गाडीत इंधनाचा पंप व संगणक यांनाच वीज लागते. बॅटरी पार मेली असेल तर तेथेही धक्का वाया जातो. आणि उतारावर ट्रॅक्टर सोडून सुरू करताना ट्रॉली मागे असेल तर ती थांबवणे हाती राहत नाही.

दुसरी सवय याहून वाईट. जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकासमोर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पान्हा किंवा पेचकस टेकवायचा आणि इंजिन ‘डायरेक्ट’ करायचे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होऊ नये म्हणून त्यात जी सोय असते, तिला आपण पान्ह्याने वळसा घालतो. इंजिन पकडते, ट्रॅक्टर जागचा हलतो आणि चाक समोरच्या माणसावर येते. यात जगभर शेतकरी दगावले आहेत. सेल मारायचा तो सीटवर बसून, गिअर न्यूट्रल पाहून. एवढे घरच्या पोराला आजच बजावा.

आता नव्या गाड्या. काहींची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि जोडणीसाठी बॉनेटखाली वेगळी टोके दिलेली असतात. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काय म्हणते तेच खरे. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीत शेकडो व्होल्टची दुसरी बॅटरी असते. तिच्या नारिंगी तारांना हात लावू नये. अशा गाडीवरून दुसरीला वीज देणे पुस्तिकेत मना केलेले असते तेव्हा ते मानावे. हल्ली खिशातल्या डब्याएवढे जंप स्टार्टरही मिळतात. त्यांतही प्लस-मायनस आणि शेवटच्या चिमट्याचा नियम सुटत नाही.

नगर-मनमाड रस्त्यावर किंवा कोकमठाणजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडी बंद पडली तर बॅटरीआधी माणसाचा विचार करा. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये तो सलग झाला. तेथे वाहने भरवेगात असतात. गाडी डाव्या कडेला घ्या, इशाऱ्याचे दिवे लावा, लाल त्रिकोण मागे लांब ठेवा आणि सर्वांना कठड्याबाहेर उभे करा. रस्त्याच्या बाजूला उभे राहून तारा जोडण्यापेक्षा महामार्गाचे मदतवाहन बोलावणे शहाणपणाचे. अडचण मोठी असेल तर ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

इतके करूनही आम्ल उडालेच, तर? डोळ्यांत गेले असेल तर एक क्षण न दवडता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा. निदान पंधरा-वीस मिनिटे, घड्याळ लावून. सोडा नको, दूध नको, तूप-मध काही नको, फक्त पाणी. मग तसेच दवाखान्यात न्या. ‘थोडे चुरचुरते, जाईल उद्या’ म्हणून घरी बसू नका. अंगावर उडाले तर कपडा काढून भरपूर पाण्याने धुवा. म्हणूनच तारा जोडण्याआधी पाण्याची एक भरलेली कळशी किंवा कॅन जवळ ठेवावा.

गुरुजींनो, बाईंनो, हा धडा वर्गात घ्यावा. पण गाडीची बॅटरी वर्गात आणू नये. टॉर्चचे दोन सेल आणि एक छोटा बल्ब पुरे. बल्ब आधी तांब्याच्या तारेने लावून दाखवा, मग मध्ये पेन्सिलीतल्या शिशाचा तुकडा घाला. प्रकाश मंदावला की मुले स्वतःच विचारतील, ‘वीज वाटेत कोठे गेली?’ मग त्यांना हे गणित द्या: ६० अँपिअर-तासाची बॅटरी आणि ५५ वॅटचे दोन दिवे. ११० भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. साडेसहा तासांत बॅटरी रिकामी. सेल मारण्याचा जोर तर त्याच्या पुष्कळ आधी संपतो. गाडीतला ५ वॅटचा लहान दिवा दिवाळीच्या सुट्टीत चालू राहिला तर? सहा दिवस. आणि रात्रभर गाणी वाजवणारा १२० वॅटचा संच? सहा तास. पहाटेच्या रांगेतला तो ट्रॅक्टर का अडला, हे मुलेच घरी जाऊन सांगतील.

शुक्राचार्यांनी आपला मंत्र कोणाला सहज दिला नव्हता. आपला हा मंत्र मात्र गुप्त ठेवण्याचा नाही. एका कागदावर चार चिमट्यांचा क्रम लिहा आणि ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत, जीपच्या कप्प्यात ठेवून द्या. खाली एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहा: शेवटचा चिमटा बॅटरीवर नाही. पहाटेच्या अंधारात, मागून हॉर्न वाजत असताना, तुमच्या मुलाला तेवढी एक ओळ पुरेल.